कोपरगावचा कोको

माझी नात अधूनमधून मला नगरच्या सावेडीतल्या एका कॅफेत घेऊन जाते. तिथल्या उंच स्टुलांवर चढणं मला आता जमत नाही, म्हणून आम्ही भिंतीकडचा सोफा धरतो. ती स्वतःसाठी बर्फ घातलेली कॉफी मागवते आणि मला न विचारता हॉट चॉकलेट. पहिल्यांदा मागवलं तेव्हा नावावरून मला काही वेगळंच वाटलं होतं. जाड पांढऱ्या कपात आलं, वर फेसाचं फूल काढलेलं. ते फूल मोडायला जीव होईना, म्हणून कडेकडेने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "भाजलं का आजी?" तिने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. हा तर कोको होता. दूध जास्त दाट, साखर जास्त, पण घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जो जरासा कडूपणा मागे राहतो, तो तोच होता. समोर रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती आणि माझ्या नाकात मात्र साखर कारखान्याच्या मळीचा वास भरला होता. त्या दिवशी नातीला मी थोडंफार सांगितलं. तिने ते मन लावून ऐकलं, आणि घरी आल्यावर मला वाटलं, थोडंफार सांगून ह्या माणसांना न्याय मिळत नाही. म्हणून बैजवार लिहायला बसले.

आम्ही तेव्हा काष्टीला राहत होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. घर दोन खोल्यांचं, पुढे शेणाने सारवलेला ओटा, आणि रेल्वेचं स्टेशन इतकं जवळ की गाडी आली की फळीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणत. बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज सुरू व्हायचा तो दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत. आई त्या आवाजावर ओवी म्हटल्यासारखं एखादं ख्रिस्ती गीत गुणगुणत भाकरी थापायची. तिची भाकरी पातळ असे आणि टम्म फुगे. तव्यावरून काढलेली पहिली भाकरी ती माझ्या ताटात टाकी, त्यावर लसणीचा ठेचा आणि कच्चं तेल. रविवारी उपासना झाल्यावर मटणाचा रस्सा, तोही वडिलांचा पगार झाला असेल तरच. आई बोर्डिंगात राहून सातवीपर्यंत शिकली होती. तिचं अक्षर वडिलांपेक्षा चांगलं होतं आणि वडील ते कौतुकाने सगळ्यांना सांगत. त्या घरात दूध फार नव्हतं, चहा सकाळचा एकदाच, आणि कोको हा शब्दसुद्धा कुणाला ठाऊक नव्हता.

माझा भाऊ जयवंत, आमचा जयू, जन्मला आणि पुढच्या उन्हाळ्यात आईला खोकला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, चुलीच्या धुराने असेल. अडुळशाचा काढा झाला, हळदीचं दूध झालं. खोकताना ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि मग बराच वेळ तशीच, डोळे मिटून. एका सकाळी तिने पदराचं टोक घाईने पाण्यात बुडवलं, ते वडिलांनी बघितलं. त्यावर रक्त होतं. नगरच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. परत आल्यावर वडील ओट्यावरच बसून राहिले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. टीबी हा शब्द त्या काळी मोठ्याने कुणी उच्चारत नसे. शेजारच्या बायका 'छातीचं दुखणं' म्हणत, आणि त्याच आठवड्यापासून त्यांची मुलं आमच्या ओट्यावर खेळायला यायची बंद झाली. आईला लांबच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही, आणि बाळाला तिने आता अंगावर पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जयू रडायचा, आई दाराच्या आतल्या बाजूला बसून स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबायची आणि मी त्याला मांडीवर घेऊन वाटीचमच्याने बकरीचं दूध पाजायचे. निम्मं दूध त्याच्या गळ्यावरून खाली जायचं.

मग कोपरगावहून मावशी आली. ही आईची थोरली बहीण, आई तिला अक्का म्हणायची. दोघी बहिणींना लहानपणी बोर्डिंगात घातलं होतं, पण फी माफ एकीचीच झाली. थोरलीने शाळा सोडून बोर्डिंगच्याच स्वयंपाकघरात काम धरलं आणि धाकटी शिकली. पुढे मावशीचं लग्न साखर कारखान्यातल्या एका फिटरशी झालं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांना मूल नव्हतं. मावशी अंगाने उभी, हातात काचेच्या बांगड्या नाहीत, केसांचा घट्ट बुचडा, आणि आवाज असा की कारखान्याच्या चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती. ती आली, हातपाय धुतले आणि जयूला सरळ कडेवर घेतलं. आई आतल्या दाराशी उभी होती, पदर तोंडावर धरून.

"नेते मी ह्याला," मावशी म्हणाली. "तू बरी हो आन् येऊन घेऊन जा. तवर माझ्याकडं राहील."

आई एक पाऊल पुढे आली. तिने हात पुढे केला, मग तोच हात मागे घेतला. जयूचं एक झबलं दोरीवर वाळत होतं, ते तिने काठीने ओढून मावशीच्या पिशवीत टाकलं. तेवढंच तिने त्याच्यासाठी त्या दिवशी केलं. मावशी त्याला घेऊन स्टेशनाकडे गेली. गाडी निघाली तेव्हा फळीवरचे पेले किणकिणले आणि आई चुलीपुढे जाऊन बसली. चूल विझलेली होती.

आई सॅनिटोरियममध्ये गेल्यावर घरात मी आणि वडील. त्यांनी सकाळची पिठलं-भाकरी शिकून घेतली. त्यांची भाकरी जाड आणि एका बाजूला कच्ची, पण आम्ही दोघंही त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. सुट्टी लागली की ते मला पॅसेंजरने कोपरगावला पोहोचवत आणि स्वतः सॅनिटोरियमला आईला बघायला जात. मुलांना तिथे आत सोडत नसत.

कोपरगावला मला सगळंच मोठं वाटायचं. उसाच्या गाड्यांची रांग, भोंगा, चिमणीचा धूर, आणि सगळ्यावर पसरलेला मळीचा आंबूस गोड वास. पहिल्या दिवशी मी नाकाला फडकं लावायचे, तिसऱ्या दिवशी तो आहे हेही विसरायला व्हायचं. संध्याकाळचा भोंगा झाला की मावशी स्टोव्ह पेटवायची. फळीवरून कोकोचा डबा काढायची. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आजारी मुलींसाठी एक मडमबाई कोको करायची, तिच्या हाताखाली मावशी तो शिकली होती. कारखान्याच्या साहेबांसाठी गावातला एक दुकानदार असले डबे ठेवायचा, तिथून काका आणायचे. मावशी वाटीत पूड घ्यायची, साखर घालायची, अगदी चिमूटभर मीठ, आणि थोड्या गार दुधात ते सगळं चमच्याच्या पाठीने घोटत बसायची. एकही गुठळी तिला चालत नसे. मग ते उकळत्या दुधात सोडायचं आणि दोन पातेल्यांतून वरखाली ओतत फेस आणायचा. तिचा हात डोक्याच्या वर जायचा आणि तपकिरी धार एका रेषेत खाली यायची. जयू त्या धारेकडे तोंड उघडं ठेवून बघत बसायचा. मग ती त्याला मांडीवर घेऊन बशीत फुंकर घालून घालून पाजायची. त्याच्या वरच्या ओठावर मिशी उमटायची. काका पाळीवरून आले की त्याला म्हणायचे, "काय फौजदार, आज किती चोर पकडले?" आणि तो खुदखुदून हसायचा. तो अंगाने भरला होता, चालायला लागला होता, बोलायला लागला होता. आणि तो मावशीला 'आई' म्हणत होता.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी त्याला दंडाला धरून म्हटलं, "मावशी म्हण." तो रडायला लागला. मावशीने त्याला उचललं आणि मला जवळ ओढलं. "आगं, चाळीतली पोरं म्हनत्यात त्येच ऐकून म्हनतोय. त्याला काय ठावं? म्या शिकीवलं न्हाई, बाळा." ते खरं होतं. उलट रोज जेवणाआधी ती त्याचे हात जोडून घ्यायची आणि प्रार्थना सांगायची, "देवा बापा, जयूच्या आईला बरं कर." तो बोबडं बोबडं ते तसंच्या तसं म्हणायचा, आणि आमेन म्हणून मावशीच्या गळ्यात पडायचा. ही जयूची आई म्हणजे कोण, हे त्या जीवाला कळायचं काही कारणच नव्हतं.

आई बरी होऊन आली तेव्हा दुसरा पावसाळा सरत आला होता. मी तिला ओळखलं ते तिच्या चालण्यावरून. केस पातळ झाले होते, पण चेहऱ्यावर रंग आला होता. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की आता कुणाला धोका नाही. तरी तिची सवय गेली नव्हती. कुणी जवळ आलं की ती तोंड एका बाजूला फिरवायची. माझ्या वेण्या घालताना मागे बसूनसुद्धा ती मान वळवून श्वास घ्यायची. दोन-चार दिवस तिने घर झाडलं, सारवलं, आणि मग म्हणाली, "चला, माझ्या लेकराला घेऊन येऊ."

आम्ही तिघं कोपरगावला उतरलो. चाळीच्या तोंडाशी मावशी जयूला घेऊन उभी होती, त्याला नवा सदरा घातलेला. ती त्याला म्हणाली, "ह्यी बग, जिच्यासाठी आपुन रोज प्रार्थना करतो ना, ती आली. जयूची आई." त्याने एकदा आईकडे बघितलं आणि मावशीच्या खांद्यात तोंड लपवलं. आईने हात पुढे केले तसा तो किंचाळला. संध्याकाळपर्यंत त्याने मावशीचा पदर सोडला नाही. आई जेवली नाही. भोंगा झाला, कोको झाला, मावशीच्या मांडीवर बसून तो प्यायला, आणि आई भिंतीला टेकून ते बघत राहिली.

जेवणं झाल्यावर वडील आईशी बोलत होते. मी बाजूलाच अंथरूण घालत होते. वडील वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. ते म्हणाले, "राहू दे त्याला इथंच. इथे त्याला दूध आहे, माया आहे. अक्कांना मूल नाही. तुझी तब्येत ही अशी. आपल्याला बेबी आहे." बेबी म्हणजे मी.

आईने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाली, "तिथे बायका माझ्या शेजारच्या खाटेवरून उचलून नेल्या. रोज सुया टोचून घेताना मी कुणाचं नाव घेत होते, माहीत आहे तुम्हाला? मग मी कशाला वाचले?"

मावशी बाहेर पायरीवर तांदूळ निवडत होती. ती सूप हातात घेऊनच आत आली. "मास्तर," ती म्हणाली, "मला इचारलं का तुमी?"

वडील उठून बसले. "अक्का, तुमच्याच भल्याचं बोलत होतो मी."

"माझं भलं मी बगते. ह्ये पोर म्या मागून न्हाई घेतलं, सांभाळाया घेतलं. ती गेली आसती तर निराळं हुतं. ती जित्ती आली हाय." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "ल्योक तिचा हाय. तिच्या संगं जाईल. पन रडत-वरडत न्हाई जायाचा. शहानं करून धाडीन म्या त्याला. थोडं दिस ऱ्हावा हितं."

दारात काका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जेवणाचा डबा खाली ठेवला, जयूला खांद्यावर घेतलं आणि उसाच्या गाड्या दाखवायला म्हणून बाहेर पडले. ते बऱ्याच उशिराने परतले. त्यांच्या खांद्यावर जयू झोपला होता आणि त्यांना त्याला खाली ठेववत नव्हतं.

वडील शाळेसाठी परत गेले, आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी मावशीने आईला स्टोव्हपुढे बसवलं आणि कोको करायला शिकवलं. पूड किती, साखर किती, कसा घोटायचा. "आता तू पाज," म्हणाली, आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेली. मागे सगळ्या चाळीचा मिळून एक हौद होता. जयूने तिला घरभर शोधलं. आईने बशी पुढे केली तर त्याने हाताने उडवली. कोको आईच्या लुगड्यावर सांडला. तो दाराला थापा मारत 'आई, आई' म्हणून ओरडत होता आणि त्याची आई त्याच्या मागे उभी होती. मी मागे धावले. मावशी हौदाशी एकच चादर पुन्हा पुन्हा आपटत होती. चादर केव्हाच स्वच्छ झाली होती. पदर दातांत धरलेला. तिने माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, जा. आज इतक्या वर्षांनी, स्वतः मुलं-नातवंडं वाढवल्यावर, त्या दाराच्या कुठल्या बाजूला जास्त दुःख होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

असं रोज चाललं. तो उपाशी झोपायचा, मग झोपेत मावशी त्याला दूध पाजायची. आई खचत चालली होती. एका संध्याकाळी मावशी बाहेर जाता जाता दारातच थांबली आणि आईकडे बघत राहिली. आईने जयूला मांडीवर घेतलं होतं आणि सवयीने तोंड एका बाजूला फिरवलं होतं.

"आसं का करतीस?" मावशीने विचारलं.

"काय?"

"त्वांड फिरीवतीस. त्याला वाटतंय तू रागावलीस त्याच्यावर. डाक्टरनं सांगितलंय ना बरी हाय म्हनून? मंग बग की त्याच्याकडं. नीट बग."

आईचा हात आपोआप पदराकडे गेला. मावशीने येऊन तो खाली केला, घट्ट धरला, आणि मग सोडून बाहेर गेली. आईने हळूहळू मान वळवली. इतक्या जवळून तिने जयूला तो अंगावर पीत होता तेव्हापासून पाहिलं नव्हतं. ती रडत होती, पण तोंड फिरवत नव्हती. जयू रडायचा थांबला. त्याने बोट पुढे करून तिच्या गालावरचं पाणी पुसलं, की नुसतंच चाचपलं, देव जाणे. आईने बशीवर फुंकर घातली. तो प्यायला. सगळं प्यायला, आणि बशी चाटली.

मी धावत मागे गेले. "मावशी, प्यायला! आईच्या हातनं प्यायला!"

मावशी हौदाच्या काठावर बसली होती. तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "साखर विरघळली हुती का नीट?"

निघायच्या दिवशी आई म्हणाली, तो झोपेत असतानाच नेऊ. मावशीने ते मानलं नाही. "चोरून नेल्यावानी नगं. त्याला सांगून न्यायाचं." तिने त्याला न्हाऊ घातलं, भांग पाडला, आईच्या मांडीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. आईच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "जयू, ह्यी आई." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "म्या मावशी. म्हन बगू."

तो खेळ समजून हसला. "आई," म्हणाला. मग बोट मावशीकडे करून, "मावशी."

"शाना गं माझा," मावशी म्हणाली, आणि उठून भांडी आवरायला गेली. स्टेशनवर काका एकटेच आले.

मुलं विसरतात, आणि विसरली नाहीत तर जगणार कशी. जयू कोपरगाव विसरला. घरी आणलेला कोकोचा डबा संपला तसा आईने पुन्हा मागवला नाही, काष्टीत मिळतही नव्हता. मावशी पुढे नाताळाला यायची, करंज्या आणायची, जयूला इतर भाच्यांसारखीच वागवायची, कणभर जास्त नाही. तो जवळ आला की ती काही तरी काम काढून उठायची. आईला ते दिसायचं. पुष्कळ वर्षांनी ती मला म्हणाली, "तिने दिला नसता तर मी भांडून आणला असता गं. पण भांडून आणलेलं पोर ना तिचं राहिलं असतं, ना माझं." मोठा झाल्यावर आईनेच जयूला सगळं सांगितलं. त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन कोपरगावला जायला लागला. काका गेल्यावर तर मावशीचं औषधपाणी तोच बघायचा. पण हाक मात्र मावशी हीच. तिने शिकवलेली.

मावशी गेली तेव्हा आई खूप थकली होती. तरी ती हट्टाने कोपरगावला आली, जयूने आणि मी तिला हाताला धरून कबरस्तानात नेलं. गीत झालं, वचन वाचून झालं, पेटी खाली सोडली. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं की पहिली माती कोण देणार. काकांचा पुतण्या घरातला म्हणून पुढे झाला, त्याने वाकून मूठ भरली.

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज एवढासा होता, पण सगळे थांबले. "तिचा मुलगा आहे इथे."

पाळकसाहेब इकडेतिकडे बघायला लागले. जयू माझ्या मागे उभा होता, डोक्याचे केस पांढरे झालेला, हातात रुमाल. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे केलं. "जा," ती म्हणाली. "तुझी आई आहे."

तो खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसला. मातीवर हात ठेवून तो कितीतरी वेळ तसाच राहिला, आणि कुणीही त्याला घाई केली नाही. मग त्याने माती टाकली. त्यानंतर पुतण्याने, मग मी. आई सर्वांत शेवटी गेली.